मागची खोली धाकटीला

मी, खाली सही करणारी, या घरातली थोरली सून, बाजारात साबणवाली बाई म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मला एका डोळ्याने दिसते. सही करायला तेवढे पुरते. यापूर्वी मुलाने टाइप करून आणलेल्या कागदावर मी सही केली होती, तो कागद आजपासून रद्द समजावा.

खालच्या मजल्यावरच्या पुढच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला मिळावी. तो मायेचा आहे. फक्त दर फोनला म्हणतो, "आई, साबण दुकानात मिळतो गं." मी म्हणते, "दुकानात सगळंच मिळतं रे. म्हणून काय हात बांधून बसू?" मागची खोली पाडून तिथे गाडी लावायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. गाडी रस्त्यावर लावावी.

मागची खोली, तिथली ओट्यावरची शेगडी, स्टीलची पातेली, वजनकाटा, लाकडी साचे, कापायची तार आणि खोबरेल, एरंडेल, तिळाच्या तेलाचे डबे, हे सर्व मी माझ्या धाकट्या जावेला देते. कारण विचारले जाईल, म्हणून लिहिते.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातांना भेगा पडायच्या. विकतचा साबण लागला की रक्त यायचे. कपडे धुताना ती ओठ दाबून रडायची, पण तक्रार नाही. तिच्यासाठी मी साबण करायला शिकले. पहिला घाणा फुटला, दुसरा दगड झाला, तिसऱ्याने तिचे हात मऊ राहिले. मग दोघी मिळून करू लागलो आणि गिऱ्हाइके दारात येऊ लागली.

कॉस्टिक सोडा पाण्यात सोडायचा असतो. एके दिवशी घाईत धाकटीने सोड्यावर पाणी ओतले. ते उसळले आणि माझा डावा डोळा गेला. मी दवाखान्यात असताना भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, मागच्या खोलीला कुलूप ठोकले आणि बायकोला खाली उतरायची बंदी केली. मी डोळ्याला पट्टी असतानाच कुलूपवाल्याला बोलावून कुलूप कापून घेतले. भावजी जिन्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, अजून हौस फिटली नाही का?" मी म्हटले, "हौस असती तर फिटली असती." ते कापलेले कुलूप मी जपून ठेवले आहे. ते भावजींना द्यावे. किल्ली त्यांच्याकडेच आहे.

धाकटी मात्र आली नाही. एकाच घरात, वर ती, खाली मी. मी तिच्या दाराशी साबणाची वडी ठेवायची, ती उचलून घ्यायची. एवढेच आमचे बोलणे. वर्षानुवर्षे.

या कागदासाठी वकीलबाईंकडे गेले, तेव्हा माझ्या मनात धाकटीला साक्षीदार करायचे होते. त्या म्हणाल्या, "जिला द्यायचंय, तिची साक्ष चालत नाही." तेव्हा मी स्वतः जिना चढून वर गेले. धाकटीने दार उघडले. मी खोलीचे सांगितले, तशी ती चौकटीला धरून उभी राहिली.

"ताई, माझ्यामुळे तुमचा डोळा गेला. आणि तुम्ही मला खोली देताय?"

"डोळा गेला तो गेला. हाताला आलेली विद्याही घालवायची का?"

"हे नको म्हणतील."

"मी त्यांना विचारायला आलेच नाही. तुला विचारतेय."

मी खाली आले. सकाळी तेल गरम करत होते, तर दारात धाकटी, पदर खोचून. म्हणाली, "मला पहिल्यापासून शिकवा. मी विसरले नाहीये, पण पहिल्यापासून शिकवा." आता सोडा तीच सोडते. पहिल्यांदा ती म्हणाली, "ताई, लांब उभ्या राहा." मी बाजूला सरकले नाही.

म्हणून बजावून ठेवते : या खोलीवर मुलाचा, भावजींचा किंवा पुढच्या कोणाचाही हक्क नाही. धाकटीला साबण करायचा असेल तर करावा, नसेल तर खोलीत नुसते बसून राहावे. तिला उठवू नये.

शेवटची सूचना. ओतलेला साबण वेळेवर कापला नाही तर तारेला दाद देत नाही. मी जाईन त्या दिवशी साचा भरलेला असला, तर धाकटीला कोणी घाई करू नये. आधी साबण कापू द्यावा, फळीवर मांडू द्यावा. मग मला न्यावे. मी थांबेन.

वाचून, समजून सही केली.

(सही) साबणवाली बाई, थोरली

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली :
१. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. गल्लीच्या तोंडाचे शिंपी (सही)

ठिकाण : मागची खोली, खिडकीजवळ
दिनांक : सहा नोव्हेंबर, सकाळी, साबण मुरायला ठेवल्यावर