माहेरचा माणूस येईपर्यंत

॥ श्री ॥

देवपूर, धुळे
ता. १२ जानेवारी १९५६

चि. रुपचंद यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. तुझ्या वडिलांचे, हिलालभाऊजींचे, दिवसकार्य नीट पार पडले हे वाचून बरे वाटले. मला येता आले नाही. तुझ्या मामीचे वर्षश्राद्ध त्याच आठवड्यात आले होते, ते तुला ठाऊक आहेच. तुझी आई, माझी अक्का, एकटी पडली आणि मी तिच्याजवळ नव्हतो, याची टोचणी आहे.

इकडची हकिकत अशी, की मी पुन्हा कामाला लागलो आहे. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून शेजारच्या डॉक्टर बन्सीलाल यांनी आपल्या दवाखान्यात बसायला बोलावले. ते म्हातारपणाच्या अशक्तपणाची पाहणी करीत आहेत. दोन माणसांना सारखाच ताप येतो. एक आठ दिवसांत शेतात जातो आणि दुसरा अंथरुणाला खिळतो. असे का होते, हे त्यांना शोधायचे आहे. देवपुरातली साठीपुढची बासष्ट माणसे त्यांनी निवडली आहेत. त्यांना दर महिन्याला ओसरीवर बोलावतात आणि मी तक्त्यात लिहून घेतो. जमिनीवरून हात न टेकता उठता येते का, तीस फूट चालायला किती वेळ लागतो, आणि ओला पंचा पिळला की भांड्यात किती पाणी पडते. हाताची ताकद मोजायचे यंत्र येथे नाही, म्हणून डॉक्टरांनी ही पंच्याची युक्ती काढली. झुलालआबा म्हणून एक आहेत, ते दर वेळी घरून सराव करून येतात.

अक्कास माझा नमस्कार सांग. पुष्पास व मुलांस आशीर्वाद. पत्र पाठवत जा, येथे पोस्टमनशिवाय दार कोणी वाजवत नाही.

तुझा मामा,
चुडामण

—

पिंप्री, ता. एरंडोल
ता. ९ फेब्रुवारी १९५६

ती. मामा यांचे सेवेशी,
रुपचंदचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र सर्वांना वाचून दाखवले. पंच्याची गोष्ट ऐकून आई वडील गेल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, चुडामणला लहानपणी स्वतःचा सदरा पिळता येत नव्हता, तो आता लोकांचे पंचे मोजतो.

आई कोपऱ्यात बसून आहे. आम्ही तिला कशालाही हात लावू देत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा पुष्पा हातात देते. चाळीस वर्षे शेतात राबली, आता तरी तिने बसून खावे, असे मला वाटते. पण खाते ती दुपारी एकदाच. दूध, डाळ सोडली आहे.

एक विनंती आहे. आपल्याकडची रीत आपणांस माहीत आहे. माहेरच्या माणसाने लुगडे नेसवून हात धरून उंबऱ्याबाहेर काढल्याशिवाय आई दुखवट्याच्या कोपऱ्यातून उठायची नाही. तिला आपल्याशिवाय भाऊ नाही. सव्वा महिन्यात आपण याल असे सर्वांना वाटले होते. आता तीन महिने होत आले. आई रागावली नाही. एवढेच म्हणते, की साऱ्या जिल्ह्याची शेते साखळी टाकून मोजणाऱ्याला धुळे ते एरंडोल छत्तीस मैल जास्त झाले का.

आपण कधी येता ते कळवावे. स्टँडवर बैलगाडी घेऊन येईन. आपली माया आम्हांवर आहेच, ती अशीच राहू द्यावी.

आपला,
रुपचंद

—

देवपूर, धुळे
ता. २८ फेब्रुवारी १९५६

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

रुपचंदचे पत्र आले. तुझा टोमणा पोचला. तो बरोबरच आहे.

सध्या पाहणीचे काम फार आहे. डॉक्टरांना दुसरा लिहिणारा नाही. होळी झाली की येतो. तोपर्यंत एक कर. भिंतीला धरून का होईना, दिवसातून पाच-सहा वेळा उठत जा. घरातल्या घरात उठायला कोणाची आडकाठी नसावी.

येथे शेवंताबाई म्हणून एक आहेत, तुझ्याच वयाच्या. मुलगा गेल्यावर सुनेने त्यांना पलंगावरून उतरू दिले नाही. डिसेंबरात त्यांना दोघांनी धरून आणले होते. डॉक्टरांनी त्यांना खाटेची पाटी धरून दहादा उठायला-बसायला सांगितले, जेवणात डाळ आणि मूठभर शेंगदाणे वाढवले, आणि सुनेला बजावले, की दळण निवडायचे काम सासूकडे द्या. परवा त्या एकट्या चालत आल्या. सून मागे पिशवी घेऊन होती आणि म्हणत होती, की आता या मला घरात बसू देत नाहीत.

डॉक्टर मात्र सावध आहेत. म्हणतात, बासष्ट माणसांवरून जग ठरत नाही. तरी मला जे दिसते ते तुला कळवले.

जेवण दोन वेळा करावेस, अशी माझी विनंती. धाकट्याची माया लक्षात असू दे.

तुझा,
चुडामण

—

पिंप्री, ता. एरंडोल
ता. २४ एप्रिल १९५६

ती. मामा यांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

होळी होऊन महिना होत आला. आपण आला नाहीत, कार्डही नाही.

आईची तब्येत कळवतो. फेब्रुवारीत ती भिंत धरून उठत असे. आता मी आणि पुष्पा दोघांनी काखेत हात घातल्याशिवाय तिच्याने उठवत नाही. गेल्या शुक्रवारी एकटी उठायला गेली आणि गुडघ्यावर पडली. हाड मोडले नाही. आपण सांगितलेले उठणे-बसणे तिने केले नाही. भाऊ आल्यावर एकदाच उठेन, असे म्हणाली. तिला दुखणे असे काही नाही, आणि तरी ती दिवसेंदिवस कमी होत आहे.

दुसरे लिहू की नको, असे दोन दिवस चालले होते. गेल्या मंगळवारी मी सरकीच्या कामाने धुळ्यास आलो होतो. वेळ नव्हता, म्हणून आपल्याकडे आलो नाही, त्याची क्षमा असावी. परतताना पारोळ्यास उतरायचे होते, म्हणून पारोळ्याच्या गाडीत बसलो होतो. शेजारी एरंडोलची गाडी लागली होती. तिच्या दाराशी आपण बगलेत गाठोडे घेऊन उभे होता. माणसे चढली, गाडी सुटली, आणि आपण तेथेच उभे. मी हाक मारली, पण तोवर आमचीही गाडी निघाली.

घरी येऊन मी आईला सांगितले. मला वाटले ती चिडेल. पण दुसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, की त्याला विचार, तो जेवतो का.

म्हणून विचारतो. आणि आपणांस आणायला मी येऊ का, तेही कळवावे.

आपला,
रुपचंद

—

देवपूर, धुळे
ता. ३ मे १९५६

चि. रुपचंद यास अनेक आशीर्वाद.

तू पाहिलेस ते खरे आहे. मी एरंडोलच्या गाडीपर्यंत तीनदा गेलो. गाडीची पहिली पायरी माझ्याने चढवत नाही. पहिल्या वेळी पाय उचलला, तो अर्ध्यावरून खाली आला. कंडक्टर हात देत होता. मागे माणसे खोळंबली होती. मी बाजूला झालो आणि सांगितले, की मला या गाडीने जायचे नाही. नंतर दोनदा तेच सांगितले.

तुझी मामी गेल्यापासून मी एकदाच जेवतो. एकट्यासाठी चूल दोनदा पेटवावी असे वाटत नाही. उरलेला वेळ खुर्चीत. दवाखाना शेजारी, तेथेही खुर्चीतच. बासष्ट माणसांचे उठणे मी दर महिन्याला लिहितो. मला कोणी उठायला सांगितले नाही, कारण मी लिहिणारा.

आणखी एक. तक्त्यात एक रकाना आहे: घरातील काम कोणी काढून घेतले काय? ज्यांची ताकद झपाट्याने गेली, त्यांपैकी बहुतेकांच्या त्या रकान्यात मुलाचे, सुनेचे किंवा नवऱ्याचे नाव आहे. सारी मायेची माणसे. तुझ्या मामीला मुदतीचा ताप येऊन गेला, तेव्हा मी पाण्याला बाई लावली, जाते दुसऱ्याला देऊन टाकले, तिला ओट्यावरसुद्धा येऊ दिले नाही. तीन वर्षे तिला जपले. ती म्हणे, मला काहीतरी करू द्या. मी ऐकले नाही. शेवटी मोरीपर्यंत जाताना पडली आणि पुन्हा उठली नाही. तिचा तक्ता कोणी भरला असता, तर त्या रकान्यात माझे नाव आले असते. हे मी अजून कोणाला बोललो नव्हतो.

तू मला आणायला येऊ नकोस. साऱ्या गावासमोर उचलून उतरवलेला भाऊ अक्काने पाहू नये. पण तिने माझी वाटही पाहू नये. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, बसलेला प्रत्येक दिवस हिशेबाला लागतो, आज उठवा. लुगडे पार्सलाने पाठवले आहे. पुष्पाने नेसवावे. माहेरचा माणूस या नात्याने माझी परवानगी आहे, असे अक्काला सांग. आणि घरातले एखादे काम तिला परत दे. तू तिला बसवलेस ते मायेनेच, हे मी जाणतो. म्हणूनच लिहिले.

मामावर राग धरू नये.

चुडामण

—

पिंप्री, ता. एरंडोल
ता. १७ मे १९५६

ती. मामा यांस पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

सासूबाई सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. त्यांनी बजावले आहे, की एक अक्षर बदलायचे नाही.

त्या म्हणतात: चुडामण, तुनं पत्र मी दोनदा वाचाले लावलं. बठ्ठं समजलं, सगळं. तुझ्या बायकोचं, वच्छलाचं, तू मनाला लावून घेऊ नको. जपायला दुसरं काय येतं माणसाला? मीही रुपचंदला जपू दिलंच ना. त्याला बरं वाटायचं.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, मी सकाळी उठली. तुझ्या भाऊजींची पहिली आखाजी, त्यांच्या नावाची घागर दुसऱ्याने मांडावी हे मला चालणार नव्हतं. पुष्पाने लुगडं नेसवलं. पाय माझे नव्हतेच, कोणाचे उसने आणल्यासारखे. उंबऱ्यापर्यंत गेली, तिथे बसली, रडली. मग पुन्हा उठली आणि ओट्यावर गेली. रुपचंद धरायला आला, त्याला हाकलला. पुष्पाचा हात तेवढा धरला. आता भाजी निवडणं माझ्याकडे. पुष्पा म्हणते मी मेथी फार निवडून टाकते, तिला म्हटलं तू गप लिही.

(हे त्यांनी खरेच लिहायला लावले.)

बाया जमल्या. भाऊ आला नाही, मग कोपरा कसा सोडला, असं शेजारची बेबाबाई विचारू लागली. मी सांगितलं, आला होता. सातच्या गाडीने आला, लुगडं नेसवलं, हात धरून बाहेर काढलं आणि डॉक्टरचं काम होतं म्हणून लागलीच गेला. ती म्हणे आम्हांला कसा दिसला नाही? मी म्हटलं, तुझे डोळे गेलेत, धुळ्याला दाखव. रुपचंदलाही बजावलं. आता गावात बठ्ठ्यांना माहीत शे की तू आला होतास. तू दुसरं काही सांगू नको.

मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. म्हणून सांगते, दोनदा जेव. खुर्ची त्या डॉक्टरला परत दे.

सासूबाईंनी येथे थांबायला सांगितले. मोठ्या बहिणीची माया पत्रात लिहावी लागत नाही, असे त्या म्हणतात.

आपली,
पुष्पा

—

देवपूर, धुळे
ता. २३ मे १९५६

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

मी सातच्या गाडीने येऊन गेलो, हे तुझ्या पत्रावरून कळले.

पत्र वाचून डॉक्टरांकडे गेलो आणि सर्व सांगितले. त्यांनी त्रेसष्टावा तक्ता काढला आणि मला ओसरीवर उतरायला लावले. झुलालआबा लिहायला बसले. त्यांचे अक्षर वाईट आहे. उठताना मी दोन्ही हात टेकले. तीस फुटांना लागलेला वेळ शेवंताबाईंच्या डिसेंबरातल्या वेळेइतका आहे. पंचा पिळला तेव्हा झुलालआबांनी भांडे दोनदा वाकवून पाहिले आणि विचारले, की अजून सुरुवात करायची आहे का.

काल रात्री डाळ शिजवली. थोडी करपली, तरी खाल्ली.

पायरी इतक्यात जमेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. काही महिने लागतील, कदाचित जमणारही नाही. तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. मीही तुला खोटी तारीख देत नाही.

येथे शेजारी मला विचारू लागले आहेत, की बहिणीकडे जाऊन आलात का. मी हो म्हटले. पुढचे मला सांगता आले नाही. म्हणून विचारतो. मी हात धरला तेव्हा तू उंबऱ्यावर किती वेळ बसली होतीस? ओट्यावर ऊन आले होते का? आणि मी निघालो तेव्हा तू काय म्हणालीस, तेवढे सविस्तर लिहून पाठव.

तुझा धाकटा,
चुडामण