आत्याचा पुसलेला चेहरा

बदनापूर, १७ मे २००९, संध्याकाळ

आजच्या बारशात चूक माझीच. बाळाच्या आजीने आधीच बजावलं होतं, "लेकराच्या डोळ्यावर फ्लॅश मारू नका." मी बिनधास्त हो म्हणालो. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओ चालू होतं, म्हणजे उजेड कमी पडला की कॅमेरा आपणहून आयएसओ वाढवून फोटो उजळवतो, आणि शटर साठाच्या खाली, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाहून मंद, जाऊ नये हेही मीच ठरवून दिलेलं.

खोलीत उजेड कमी. बाळाची आत्या खास मंठ्याहून आल्ती. तिने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. ती हसत वर आली, तोच फोटो हलला.

स्टुडिओत येऊन बघतो तर शटर पंधरावर. साठ सांगून पंधरा कसं? मंग ध्यानात आलं. आयएसओची वरची हद्द मी चारशेवर बांधलेली. रोलच्या काळातली जुनी भीती, त्याच्या वर गेलं की फोटोत दाणे दिसतात. कॅमेरा चारशेपर्यंत चढला, पुढे मीच चढू दिलं न्हाई. मंग उजेडासाठी त्याने शटर मंद केलं, साठाचं बंधन मोडून. बाळ झोपलेलं, म्हणून स्पष्ट आलं. आत्याचा चेहरा मात्र पुसलेला.

हद्द आता सोळाशे केली. एवढं आधी का सुचलं न्हाई?

गाडी पकडण्याआधी आत्या फोटो बघायला आल्ती. मी खरं ते सांगितलं, दाण्यांचंही. तिने पुसलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मंग शांतपणे म्हणाली, "दाणे येऊ द्यायचे होते, भाऊ. मी आल्ते, एवढं तरी दिसलं असतं."