मानाची मांडी

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

परत सांगितली! ओवाळणीचं तबक अजून माझ्या हातात, निरांजन पेटलेलं, आणि अण्णानं डुकराची गोष्ट काढली. निपाणीच्या घरी नातवंडं-पतवंडं गोळा झालेली. "मी पंधरा वर्षांचा. आप्पांची डबलबार माझ्या हातात. समोरनं डुक्कर आलं, रेडकाएवढं—"

इथं तो थांबतो. दरवेळी. तांब्या उचलतो, पाण्याचा एक घोट घेतो आणि माझ्याकडं बघतो. टाळ्या मी सुरू करायच्या की काय? मग तांब्या ठेवून "ठो!" म्हणतो. पोरं किंचाळतात. माझा थोरला भाऊ, तंबाखूची वखार चालवलेला, गळ्यात माळ घातलेला, मार्तंडराव शिकारी!

माळेचंही कौतुक आहेच. "त्या डुकरानंतर बाबांनी मटण सोडलं," सुनबाई माधवी नव्या पाहुण्यांना सांगते, "एवढा पश्चात्ताप!" अगं बाई, पश्चात्ताप करायला आधी मारावं लागतं.

मी ओवाळलं. तबकात मोरपंखी साडी पडली. मला मोरपंखी शोभत नाही, हेही त्या घरात कुणाला ठाऊक नाही.

२५ ऑक्टोबर

आशुतोषचा पुण्याहून फोन. अण्णाचा मुलगा, माझा भाचा. अण्णाचा अमृतमहोत्सव नऊ तारखेला, निपाणीत, मंगल कार्यालय घेऊन. "आत्ती, तू बोलायचंस. शिकारीचा प्रसंग. त्या दिवशी तू तिथं होतीस ना? एकमेव साक्षीदार आहेस तू!"

साक्षीदार!

वर म्हणे, "तू हेडमिस्ट्रेस होतीस, तुला बोलायला काय लागतं?" काही लागत नाही रे बाबा. गिळायला लागतं.

संध्याकाळी मोबाइलवर चित्र पाठवलंय. कॉम्प्युटरनं काढलेलं. अण्णाला पंधराव्या वर्षी मिशा! बंदुकीचा दस्ता पोटावर टेकवलाय— तसा बार काढला असता तर डुक्कर राहिलं बाजूला, अण्णाच गेला असता. डुकराचे सुळे हत्तीएवढे. मागं नारळाची झाडं, खानापूरच्या रानात! आणि मी? कुठंच नाही.

उत्तर पाठवलं: "मिशा काढ."

२७ ऑक्टोबर

आज लिहूनच टाकते. ह्या वहीला तरी कळू दे.

डुक्कर मी मारलं.

बारा वर्षांची होते. दिवाळीची सुट्टी. आप्पा, आमचे वडील, बेळगावच्या कोर्टात वकील, शेती खानापूरच्या पुढं, रानाला लागून. भात पिकलं की डुकरं उतरायची. एका रात्रीत अख्खी खाचरं नांगरल्यासारखी! तेव्हा कायदा आडवा येत नव्हता. गाव पारधीला निघायचं. आदल्या दिवशी बंदूक रवळनाथापुढं ठेवायची, गार्‍हाणं घालायचं, आणि मग त्या बंदुकीला बाईमाणसाचा हात लागायचा नाही. लागला तर बंदूक बाटली. हाकारे घालणारी माणसं तिच्यामागं रानात पाऊल टाकणार नाहीत, ह्या वर्षी नाही आणि पुढंही नाही.

आई मावशीच्या बाळंतपणाला गेलेली. मी हट्ट धरला. आप्पांनी अण्णाची जुनी चड्डी माझ्यापुढं टाकली, वेणी टोपीत कोंबली. हाकार्‍यांचा म्होरक्या मष्णू. त्यानं विचारलं, "वकीलसायेब, ह्ये धाकटं कुणाचं वो?"

"पावण्याचं हाय," आप्पा म्हणाले. कोर्टात कधी खोटं बोलले की नाही, देव जाणे. तिथं मात्र डोळे मिटून बोलले.

ओढ्याच्या खिंडीत करवंदीच्या जाळीमागं अण्णाला बसवलं, आमची बंदूक देऊन. मी त्याच्या शेजारी. आप्पा पाटलांची बंदूक घेऊन वरच्या खिंडीत. डबे बडवल्याचा आवाज जवळ आला. आणि ते आलं. रेडकाएवढं नव्हतं. पण पुरेसं होतं. सरळ अण्णावर.

अण्णा उभा राहिला. नुसता उभा! पुतळा! बंदूक हातातून घसरून पाल्यात पडली. मी उचलली, दस्ता खांद्याला लावला. मागं कुणी माणूस नाही हे बघितलं आणि घोडा पिळला. डुक्कर अण्णाच्या कॅनव्हासच्या बुटांपाशी येऊन पडलं. त्याच्या नाकपुडीतला फेस बुटावर उडाला होता.

आप्पा धावत आले. आधी अण्णाला चाचपलं. मग माझ्या हातातली बंदूक बघितली. हाकारे येतच होते. आप्पांनी बंदूक काढून घेतली, अण्णाच्या हातात कोंबली. "मार्तंडानं मारला. लते, तोंडातनं अक्षर काढायचं न्हाय. कधीच न्हाय."

आणि मी— मी!— काढलं नाही.

मष्णूनं अण्णाच्या कपाळाला रक्ताचा टिळा लावला. ज्याच्या गोळीनं जनावर पडलं त्याला मागची मांडी, हा मान. हलगी वाजवत मांडी आमच्या दारात आली. दारात अण्णाला ओवाळायचं. आई नाही. मग कुणी ओवाळलं?

मीच.

३० ऑक्टोबर

सोमवारी लिहिलं आणि काल दिवसभर खांदा दुखला. म्हणजे म्हातारपण. पण मला तो जुना धक्का आठवला.

आप्पांनी मला शिकवलं होतं, हे कुणाला माहीत नाही. शिकवत होते अण्णालाच. तो कंटाळायचा, डोळे मिटायचा, कानात बोळे घालायचा. मी बांधावर बसून बघायची. एकदा म्हटलं, "मी धरू?" आप्पांनी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. "धर."

काडतूस नाहीच! अख्खी सुट्टी रिकाम्या बंदुकीवर. नळीवर तांब्याचा पैसा ठेवायचा आणि घोडा असा ओढायचा की पैसा हलता कामा नये. "ओढू नगंस. पीळ. लिंबू पिळतीस तसा." पैसा पडला की मुकाट्यानं उचलून परत ठेवायचे. श्वास अर्धा सोडायचा, मग थांबायचं. आणि सगळ्यात आधी— "मागं काय हाय ते बघ. पुढचं मग." एवढं एक वाक्य मी पुढं वर्गावर्गांत वापरलं. इंग्रजीच्या तासाला!

पहिलं खरं काडतूस भोपळ्यावर. भोपळा राहिला, मी मागच्या मागं खाचरात. अण्णा हसून लोळला. आप्पा म्हणाले, "ऊठ. भोपळा हितंच हाय." दुसर्‍यानं भोपळा गेला.

खांदा काळानिळा. कॉन्व्हेंटात ड्रिलच्या तासाला सिस्टर आग्नेसनी बाही वर करून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. हळू आवाजात, "डझ युवर फादर बीट यू, माय चाइल्ड?" मी म्हटलं, "नो सिस्टर, आय फेल." खोटं नव्हतंच! खाचरात पडले होतेच की.

आप्पांनी शाबासकी कधी दिली नाही. फक्त त्या पारधीच्या संध्याकाळी, ओवाळून झाल्यावर, विहिरीपाशी मला हाक मारली. माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं, मूठ मिटवली आणि निघून गेले. त्या डुकराचं रिकामं काडतूस. पितळी बूड, तांबडा कागद. अजून शिवणाच्या डब्यात आहे. अण्णाला मांडी, मला टरफल!

पण रोज बघते, हेही खरं.

१ नोव्हेंबर

आज काळा दिवस. दरवर्षीप्रमाणं मोर्चा, पोलीस बंदोबस्त, बेळगावात बाहेर पडायची सोय नाही. भाषण लिहायला बसले. "माझे बंधू लहानपणापासूनच धाडसी—" फाडलं.

४ नोव्हेंबर

ऋचाचा फोन. अण्णाची नात, निपाणीला त्याच्यापाशीच असते, कॉलेजात जाते. जिभेनं माझ्यावर गेलीय. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिच्याकडं.

"आत्तीआज्जी, डुकराची गोष्ट जरा नीट सांग ना. मी फक्त दिवाळीतच ऐकलीय. आबांना विचारलं की म्हणतात, तुझी आत्तीआज्जी आली की सांगतो."

बघा! म्हणजे मुद्दाम माझ्यासमोरच मिरवायचं. आपल्याच घरात नातीला सांगणार नाही, मी दारात दिसले की तांब्या हातात!

ऋचाला म्हटलं, नऊ तारखेला सांगीन.

"भारी काही आहे काय?"

"आहे."

७ नोव्हेंबर

बोलावं की नाही? आप्पांना शब्द दिला होता. पण मष्णू गेला, पाटील गेले, आप्पाही गेले. आता बंदूक बाटून कुणाचं भात बुडणार आहे?

आणि पंचाहत्तराव्या वर्षी भावाला भर मांडवात— छे. वाईटच दिसेल.

मग दिसू दे. मी कोर्‍या चेहर्‍यानं साठ वर्षं बसले, ते कुणाला वाईट दिसलं?

काडतूस पर्समध्ये टाकलंय. मोरपंखी साडीच नेसणार.

९ नोव्हेंबर, रविवार

जिंकले! अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे!

नीट लिहिते. संकेश्वरला गाडीचं टायर बसलं, तरी वेळेत पोचले. कार्यालयाच्या दारात ते चित्र, माणसापेक्षा उंच. मिशा काढल्या नव्हत्या. अंगणात पोरांसाठी जत्रेतला फुगेवाला आणलेला, फळीवर फुग्यांच्या रांगा, छर्‍याची बंदूक. आशुतोष अण्णाला ओढत घेऊन आला. "बाबा, एक होऊन जाऊ दे! व्हिडिओ काढतोय!"

अण्णानं फेटा सावरला, बंदूक धरली. दस्ता काखेत! छर्रा मांडवाच्या कापडात गेला. सगळे हसले. "वय झालं," अण्णा म्हणाला, आणि बंदूक माझ्यापुढं धरली. "लते, तू बघतीस काय?"

माझं डोकं सणकलं. चिडवतोय! भर अंगणात! मी घेतली.

फुगेवाला भावकू म्हणून होता. म्हणाला, "आज्जी, म्होरं येऊन मारा की. लांब पडतंय तुमास्नी."

"तू बाजूला हो रे आधी. माझ्या पुढ्यात माणूस नको."

पहिला छर्रा मुद्दाम फळीच्या रिकाम्या कोपर्‍यात घातला. बोटभर डावीकडं लागला. म्हणजे नळी वाकडी. जत्रेतली असतेच! मग तेवढी उजवीकडं धरली. श्वास अर्धा सोडला. लिंबू पिळलं.

फट्!

मग दुसरा. मग सगळी वरची रांग. मोतीबिंदू काढलेला डोळा, गुडघ्याला पट्टा, मोरपंखी साडी! भावकू छर्रे भरून देता देता दमला. "आज्जी, पोटावर पाय आणताय व्हय माज्या!" पोरं ओरडत होती. अण्णाची बायको, शालूवहिनी, तोंडाला पदर लावून, "अगं बया! वन्सं!"

तशीच आत गेले आणि ऋचाच्या हातातला माईक घेतला. कागद नव्हता. म्हटलं, "एकमेव साक्षीदार म्हणून मला बोलावलंय. साक्ष देते. बंदूक अण्णाच्या हातात होती, ती खाली पडली. डुक्कर मी मारलं. मांडी अण्णाला मिळाली, मला हे मिळालं." आणि काडतूस वर धरलं.

हॉलमध्ये चमचा पडला तरी ऐकू आलं असतं. जेवणाच्या बाजूला खरंच एक पडला.

आशुतोष दारातल्या त्या चित्राकडं बघत राहिला. आता मिशा काढून भागणार नव्हतं! मग मागून ऋचानं शिट्टी मारली, दोन बोटं तोंडात घालून. ती पोर मला आवडते.

अण्णा खुर्चीतून उठला. हळूहळू माझ्याकडं आला, डोक्यावरचा फेटा काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. हरलेला माणूस दुसरं काय करणार! टाळ्या मात्र अशा पडल्या की मांडवाच्या खांबावरची पाखरं उडाली.

शालूवहिनीनं निरांजन आणलं आणि सगळ्यांसमोर मला ओवाळलं. मला!

फेटा घेऊनच आलेय. समोर आरशाच्या खुंटीवर आहे. आप्पा, बघताय ना?

१० नोव्हेंबर

सकाळी अण्णाचा फोन. म्हटलं, आला भांडायला. तयारीतच होते.

"लते, लई उशीर केलास गं."

"म्हणजे?"

"आप्पांनी मलाबी बोलायची बंदी घातलेली. मला काय ती मोडवंना. ती मांडीबी घशाखाली उतरंना, तवापासनं मटण बंद. म्हटलं, तूच मोडशील. तू नसताना ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली काय, विचार तुझ्या वहिनीला."

वहिनी मागून, "न्हाय वो वन्सं. तुम्ही आल्याबिगार निघतच न्हाय ती."

मी खुंटीवरच्या फेट्याकडं बघितलं.

"दर दिवाळीला पाण्याच्या घोटाला थांबायचो," अण्णा म्हणाला. "वाटायचं, आता म्हणशील, गप अण्णा, मी मारलं. जगात सगळ्यांच्या मधी तोंड घालतीस. माझ्याच मधी का गं घातलं न्हाईस?"