टाचणीवरची शेवंती

प्रिय रमोना,

अक्षर शेजारच्या ओपलचं, शब्द माझे. मध्येच पेन थांबवून ती विचारते, "नेटी, असं खरंच लिहू?" लिही म्हटलं. मला वाचता येत नाही, त्यामुळे ती खरंच लिहितेय की आपल्या मनाचं गोड गोड काही घालतेय, याचा मला संशय आहेच. हेही लिही, ओपल.

तुझी डेला बरी आहे. तुझ्याहून उंच झालीय. भेंडी अजून ताटाच्या कडेला लावून ठेवते आणि मला दिसत नाही असं समजते. यंदा तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, आणि होमकमिंगची, शाळेची जुनी पोरं गावी परततात त्या सोहळ्याची, राणी निवडायला मुलांनी जी नावं दिलीत त्यात तिचं आहे. या शुक्रवारी मॅचच्या मध्यंतरात नावं पुकारतील आणि प्रत्येक मुलीला तिच्या घरचं माणूस हाताला धरून मैदानाच्या मध्यापर्यंत नेईल. शनिवारी जिममध्ये नाच. सरबताच्या टेबलावर मीच. तुझ्या वेळी कुणी दारू मिसळली नाही ना म्हणून प्रत्येक पेला हुंगून मगच पोरांच्या हातात द्यायचे, आठवतं? अजूनही हुंगते. गेल्या वर्षी मुख्याध्यापकांचाही हुंगला. त्यांना हसू आलं, पण पेला त्यांनी जरा लांबच धरला होता, म्हणून म्हटलं बघावं.

तर गेले काही दिवस या घरात काहीतरी शिजतंय. डेला नळ सोडून न्हाणीघरात फोनवर बोलते. माझ्या गुडघ्याची चौकशी करते. "आजी, दुखतोय का गं? मैदान ओलं असतं, बरं का. तुला जमेल ना?" इतकी विचारपूस डॉक्टरनं केली नव्हती. मैदानात तिला मीच नेणार हे उन्हाळ्यातच ठरलं होतं, आणि आता ही माझा पाय चाचपून बघतेय. मला वाटलं, पोरीला लाज वाटते. सगळ्या गावासमोर, त्या झगमगीत दिव्यांखाली, आजी डगडगत चालणार, पायात आजोबांचे जुने बूट. मी बूट काढून पॉलिश केले, आणि मग परत कपाटात ठेवले.

रविवारी चर्चहून आले तर दारात वेस्ली. गुरांच्या डॉक्टरचा मुलगा, डेलाला नाचाला नेणार तो. हातात होमकमिंगची शेवंती, मुलीनं छातीवर मिरवायची ती. शेवटच्या वर्षाची, म्हणून सगळी पांढरी नि चंदेरी. मधोमध रेशमी फूल, खाली घोट्यापर्यंत फिती, घुंगरं, त्यात एक चिमुकलं अस्वल. "मम्मीनं केली," म्हणाला, माझ्याकडे न बघता फ्रिजकडे बघत. आता वेस्लीची आई बाई म्हणून सोन्यासारखी. पण ख्रिसमसला तिनं मला दिलेला केक गाईच्या पायाला बांधायच्या पट्टीनं गुंडाळलेला होता. मी म्हटलं, "छान केलीय हो. फिती कुठल्या डिंकानं चिकटवल्या?" तर म्हणतो, "नेहमीच्याच." आणि त्या शेवंतीत डिंकाचा थेंब नव्हता.

तो गेल्यावर डेलानं ती कपड्यांवर लावून बघितली आणि पुढच्याच क्षणी टर्रकन ब्लाउज फाटला. कारण शेवंतीला टाचणी होती. टाचणी, रमोना. इतकी जड शेवंती इथं कितीतरी वर्षांत कुणी टाचणीनं लावलेली नाही. पट्टा शिवून गळ्यात अडकवतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे जिनं केली तिनं होमकमिंगचा शुक्रवार फार दिवसांत बघितलेला नाही.

मग मी चष्मा लावून फितींची वेणी हातात घेतली. सापाच्या पाठीवर असतात तशा चौकटींची, आणि डावीकडून सुरू केलेली. बाकी सारं गाव उजवीकडून घालतं. माझी आई डावखुरी होती, तिच्याकडून मी शिकले, आणि माझ्याकडून या जगात एकच मुलगी शिकली. तीही रडतकुढत, स्वयंपाकघराच्या टेबलावर, फिती दातात धरून. शेवटची गाठ आत वळवून टाका घातलेला. मी डेलाकडे बघितलं. डेला अस्वलाकडे बघत होती. म्हटलं, "वेस्लीच्या आईचा हात बराच सुधारलाय." ती म्हणाली, "हो ना, आजी." इतकंसुद्धा खोटं बोलता येत नसताना ती राणी कशी होणार कोण जाणे.

ख्रिसमसपर्यंत परत येते म्हणून तू अमारिलोला गेलीस तेव्हा डेला दुसरीत होती. त्यानंतर खोकी यायला लागली. बाहुली, कोट, स्केट. मी ती पोस्टमनच्या हाती परत देत गेले आणि तुला फोनवर सांगितलं, की या घरात माणसाशिवाय वस्तू यायची नाही. तू मग वेस्लीच्या दारानं वाट काढलीस. आणि पोरगी माझा गुडघा का चाचपत होती तेही आत्ता कळलं. तिला माझी लाज वाटत नव्हती. तिला मैदानात दुसऱ्या कुणाचा तरी हात हवा होता, आणि मला दुखवायचं नव्हतं.

म्हणून हे पत्र. शेवंती मी परत केलेली नाही, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगली आहे. नियम मात्र तोच आहे: वस्तू आली, आता माणूस यायला हवं. गळ्यातला पट्टा मी कापून ठेवलाय, शिवलेला नाही; जिचं काम तिनं पुरं करावं. शुक्रवारी दिवस असतानाच ये, सुई इथं आहे. माझा गुडघा आज सकाळपासून फार सुजलाय असं मी डेलाला सांगितलंय. ओपल म्हणते गुडघा तर ठणठणीत दिसतो. ओपल, ते लिहू नकोस.

तुझीच, पण फसायला अवघड,
आई