दोन जिने आणि एक निळा मोजा

१ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोज लिहिणार. निमित्त: आईचं कपडे धुवायचं मशीन. वय चाळीस. बायकोला नवं हवंय, पुढून काचेचं दार असलेलं, धुणं झालं की गाणं म्हणणारं. बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. जुन्याने महिनाभर विनातक्रार कपडे धुतले तर नव्याचा विषय कायमचा बंद. एक दिवस जरी बंद पडलं तरी थेट भंगारात.

मी लिफ्टची तपासणी करणारा माणूस. माझ्या सहीच्या भरवशावर लोक नऊ-नऊ मजले वर जातात. मला मशीन शिकवू नये.

दुपारी मागचं झाकण उघडलं. बेल्ट सैल वाटला, म्हणून काढून ऑफिसच्या बॅगेत टाकला. उद्या नमुना दाखवून तसाच नवा आणायचा. मग मशीन पुसून घेतलं. टायमरवर आईने लाल नेलपॉलिशची खूण केलीय. माझ्या शाळेच्या शर्टांसाठी इथपर्यंत फिरवायचं. अजून तशीच आहे. तिच्याभोवतीची धूळ काढायला जरा वेळ लागला.

२ सप्टेंबर
ऑफिसात सात तक्रारी. डोकं ठिकाणावर नाही.

३ सप्टेंबर, संध्याकाळी
दोरीवर कपडे. पांढरेशुभ्र. मशीन कसं चाललं, विचारलं. बायको म्हणाली, जराही कुरकुर केली नाही. रविवारी माझा हात लागला त्याचा हा परिणाम.

६ सप्टेंबर
मेहुण्याचा फोन. त्याच्या नव्या मशीनने दार लावून घेतलंय, आत त्याची एकुलती एक बरी पॅंट. कंपनीचा माणूस म्हणतो, अपडेट करावं लागेल. मी मनमुराद हसलो. आमच्या मशीनला मोबाइल लागत नाही, वायफाय लागत नाही. मेहुणा म्हणाला, ताईला विचार. ताईला काय विचारायचंय?

११ सप्टेंबर
कपड्यांना हल्ली छान वास येतो. फुलांसारखा. पावडर तीच आहे. जुन्या टबचाच गुण असणार, नव्या प्लास्टिकला हे जमणं शक्य नाही. खुद्द मशीनजवळ मात्र कांद्यासारखा वास. रबर जुनं झालं की येत असावा.

१५ सप्टेंबर, रविवार
वरच्या काकूंचं नवं मशीन हल्ली दिवसातून दोनदा चालतं. आमचं छत हादरतं, मग ते गाणं. घरात दोनच माणसं, इतके कपडे आणतात तरी कुठून? बायकोला म्हटलं, बघ, याला म्हणतात आधुनिक. आमचं कधी चालतं ते कळतसुद्धा नाही. ती म्हणाली, खरंय.

१७ सप्टेंबर
मशीन आता कमाल करायला लागलंय. नवी मशिनं मोजे गिळतात असं सगळे म्हणतात. माझ्या कप्प्यात आज एक मोजा जास्तीचा सापडला. गडद निळा, चांगल्या लोकरीचा. आमच्या मशीनने उलट एक वाढवून दिला. ऑफिसात सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

१९ सप्टेंबर
मशीनची कामगिरी प्रत्यक्ष बघून नोंद करायची म्हणून रजा टाकली. उठायला साडेनऊ झाले. बायको म्हणाली, धुणं झालंसुद्धा. इतक्या गुपचूप? वर काकूंचं धडधडत होतं, त्यात ऐकू आलं नसेल. रजा फुकट.

बायकोचे गुडघे दुखतायत म्हणे. मी समजावलं की काम मशीन करतं, तू नुसती बसलेली असतेस, बसून गुडघे आखडतात. चालत जा. ती गुडघे चोळत उठली. पटलं असावं.

२४ सप्टेंबर
सहा दिवस उरले. जिंकल्यावर काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. मोठ्या मनाने बोलणार. फक्त मेहुण्याला थोडं टोचणार.

२५ सप्टेंबर, संध्याकाळी
सकाळी चष्मा सापडेना म्हणून ऑफिसची बॅग पलंगावर उपडी केली. चष्मा, स्क्रू ड्रायव्हर, तीन पेनं, बेल्ट.

एक तारखेला काढलेला तोच, नवा आणायचा राहूनच गेला. मग जाऊन मशीनचं झाकण उघडलं. आत कांदे. खाली बटाटे.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, दोन तारखेलाच कळलं, मोटर फिरते आणि टब जागचा हलत नाही. मग माझ्या हातातला बेल्ट बघून म्हणाली, म्हणजे मशीन मोडलं नव्हतं, तुम्हीच बेल्ट काढून नेला होता. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, त्या लाल खुणेपाशी फडकं घेऊन तुम्ही तासभर बसला होतात. भंगारात टाका असं कोणत्या तोंडाने म्हणणार? काकू म्हणाल्या, महिनाभर आणत जा वर.

पाण्याने भिजलेल्या कपड्यांची बादली. दोन जिने वर, दोन जिने खाली, तेवीस दिवस. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. असती तर सही मीच केली असती.

खूप वाईट वाटलं. तिला तसं सांगितलं. तिला म्हटलं, नवं मशीन आणू, तुला हवं ते, गाणं म्हणणारं. जुनं राहू दे, कांद्यांसाठी. ती हो म्हणाली.

आजची बादली मी वर नेली. वाटेत तीनदा थांबलो. काकूंनी दार उघडलं, बादली घेतली, आणि विचारलं की ह्यांचा एक निळा मोजा तुमच्याकडे आलाय का, लोकरीचा, हे आठवडाभर शोधतायत.

माझ्या पायातच होता. तिथेच काढून दिला.