एका ओळीत न मावलेली भावकी

केंदूर, ता. शिरूर
बुधवार, सकाळी

तीर्थरूप मामांना हर्षदाचा, म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीच्या थोरल्या लेकीचा, वाकून नमस्कार. (तुम्ही रागात आहात, म्हणून ओळख करून दिली.) मामींची कंबर कशी आहे? दौंडला ऊन फार तापतंय असं ऐकते, तेव्हा दुपारचं बांधावर जाऊ नका. आई बरी आहे, पण चार दिवस तुम्ही तिचा फोन उचलत नाही म्हणून तिचं जेवणात लक्ष नाही. तुम्ही म्हणालात म्हणे, "पत्रिकेत मी न्हाई, तर मांडवात कशाला यिऊ?" मामा, नवरीला बोहल्यावर तिचा मामा आणतो. माझ्या लग्नात मी काय एकटी चालत जाऊ? म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते. राग आला तरी मधे सोडू नका, कारण पुढं सगळं फार म्हणजे फार चांगलं झालेलं आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी शिक्रापूरला सुदर्शनदादांच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर बसते. तिथं मी स्वतः एक प्रोग्रॅम तयार केला आहे. (मी, स्वतः. कुणाची मदत नाही.) स्क्रीनवर चौकटी येतात, वधूचं नाव, वराचं नाव, स्थळ, निमंत्रक, तारीख, त्यात माणसानं टाइप करायचं, एंटर दाबायचं, की पत्रिका तयार. त्या प्रोग्रॅममधून निघणारी पहिली पत्रिका माझी स्वतःची, म्हणून माझे पाय जमिनीवर नव्हते. आबांनी (म्हणजे तुमच्या मेव्हण्यांनी) निमंत्रकांची यादी तीन रात्री बसून केली होती. एकेचाळीस नावं, मानाप्रमाणे एकाखाली एक, वर भावकीत सगळ्यात वडील म्हणून रखमाजीआप्पा आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरात, मामा म्हणून तुम्ही. ती यादी आबांनी मोबाइलवर पाठवली, मी ती उचलून चौकटीत टाकली, आणि इथंच घात झाला.

मामा, चौकटीच्या दोन जाती असतात. एक असते एका ओळीची. तिच्यात तुम्ही एकाखाली एक लिहिलेली एकेचाळीस नावं ओतलीत, तर ती पहिली ओळ ठेवते आणि बाकीच्या चाळीस जणांना न विचारता बाहेर काढते. भांडण नाही, सूचना नाही, काही नाही. मला रखमाजीआप्पांचं नाव तेवढं दिसलं. आता लांब मजकूर त्या चौकटीत उजवीकडं सरकून लपतो, हे मला ठाऊक होतं, त्यामुळं वाटलं की बाकीची भावकी उजवीकडं सरकून बसली असेल. मी एंटर दाबला. पाचशे पत्रिका निघाल्या, आणि पाचशेच्या पाचशे पत्रिकांत माझं लग्न एकटे रखमाजीआप्पा लावून देत होते. आबांनी त्या दारातच अडवल्या, फक्त एक तुमच्याकडं नमुना म्हणून आधीच गेली होती आणि एक आप्पांनी खिशात घातली. आप्पा ती घेऊन पारावर, सोसायटीत, दूध डेअरीवर फिरले. दहा वर्षांत आमच्या घरी पाणी प्यायले नव्हते, त्या दिवशी येऊन दोनदा चहा घेतला. उरलेली भावकी मात्र आमच्या ओट्यावर उभी होती, आणि आबा मला हाक मारत होते ती हाक लिहिण्यासारखी नाही.

पण मी हार मानली नाही. दुसरी जात असते अनेक ओळींची. तीच चौकट, फक्त एक सेटिंग बदलायचं, की तिच्यात सगळं गाव मावतं. मी म्हटलं, आता धोकाच नको, आणि स्थळापासून पुढचा सगळा मजकूर त्याच एका मोठ्या चौकटीत घेतला. नावं टाकली, तर एकेचाळीसच्या एकेचाळीस शिस्तीत एकाखाली एक. मामा, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. सुदर्शनदादा म्हणाले, सरक, आता छापायचं काम माझं, आणि त्यांनी सवयीनं एंटर दाबला. पण अनेक ओळींच्या चौकटीत एंटर दाबला की काम पुढं जात नाही, नुसती नवी ओळ येते. त्यांना वाटलं मशीन अडकलं, म्हणून त्यांनी आठ-दहा वेळा दाबला. शेवटी मी बटण दाखवलं आणि छपाई सुरू झाली. ओळी कुठं वाढल्या, तर बरोबर तुमच्या नावाखाली. त्यामुळं तुमच्या नावाखाली आता दोन बोटं मोकळी जागा आहे, आणि नाव इतकं उठून दिसतं की आबा स्वतः म्हणाले, "मारुतरावाचा खरा मान आता झाला." सोबत एक पत्रिका ठेवली आहे. बघा आणि राग सोडा. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
हर्षदा

ता. क. येताना मामींची मोठी परात आणा. आमची रखमाजीआप्पांकडं गेली आहे आणि सध्या मागता येत नाही.

ता. क. दुसरा. पत्रिका बघितलीत का? नीट बघा. लग्नाची तारीख सापडत नाही ना? ती त्याच चौकटीत शेवटच्या ओळीवर होती. सुदर्शनदादांच्या एंटरांनी ती खाली ढकलली. स्क्रीनवर चौकटीच्या खाली गेलेलं सरकवून बघता येतं, कागद कुठं सरकवणार? मला हे आज पहाटेच कळलं, पण आधी तुमचा राग जायला हवा होता. दौंडच्या दोनशे पत्रिका माझ्या भावानं, पृथ्वीराजनं, कालच वाटल्या आहेत.

ता. क. तिसरा. तारीख तुम्हीच सुपारीच्या दिवशी ठरवली होती, म्हणून दौंडकडं ती फक्त तुम्हाला ठाऊक आहे. दोनशे घरांची यादी मागच्या पानावर आहे. तुम्ही रुसून बसलात तर माझ्या मागं मामा नाही आणि मांडवात पाहुणेही नाहीत. आजपासून फोन करायला घ्या. पहिला नंबर आईचा लिहिलाय. तिला तारीख पाठ आहे. तरी करा.