चाफ्याला खुंट

तंजावर, ३ नोव्हेंबर १८८६
पोचलो एकदाचा! राजवाड्यामागच्या बागेतच खोली मिळाली. हवा छान, कॉफी त्याहून छान. राज्य खालसा झाल्यापासून इथल्या मराठा सरदारांची मुलं नुसती पानं चघळत बसतात. त्यांना बागकाम शिकवून साहेबांच्या बंगल्यांवर चिकटवायचं, म्हणून हा वर्ग काढलाय, आणि पुण्याच्या सरकारी बागेत शिकलेला मी त्यांचा मास्तर. जानेवारीत कलेक्टरसाहेब परीक्षा घेणार. मुलं पास झाली तर मी कायम. नाही तर परत पुण्याला, थोरल्या भावाच्या तुकड्यांवर. ते मला नको.

९ नोव्हेंबर
शिष्यगण पाहिला. गप्पा तलवारीच्या, आणि खुरपं धरता येत नाही. रघोजी त्यांतला थोरला. आजोबा हत्तीवर बसत, हे ऊठसूट सांगतो. मी म्हटलं, तू खताच्या गाडीवर बसायला शीक. आणि बोलतात ते मराठी म्हणे! तमिळ हेल काढून माझ्या पणज्याच्या वेळचे शब्द. मला हसू आवरत नाही.

१६ नोव्हेंबर
परीक्षेसाठी भेटकलम ठरवलं. कुंडीतलं रानटी रोप, म्हणजे खुंट, चांगल्या झाडाच्या फांदीशेजारी ठेवायचं. दोघांची साल तासून जखमेला जखम लावून बांधायची. दोनेक महिन्यांत जीव एक होतो. बागेत तंजावरच्या जुन्या राणीच्या वेळचा सोनचाफा आहे, त्याचंच कलम करायचं.

हिराबाई म्हणून एक म्हातारी, जुन्या बागदारोग्याची विधवा, मागच्या गल्लीतून मुद्दाम आल्या. म्हणाल्या, "झाडास खुंट दाखवा की. हा तुझा, म्हणून सांगा. न सांगितलात तर झाड आपणच निवडतं."

मी विचारलं, पत्रिकाही जुळवू का? पोरं हसली नाहीत. रघोजीनं तर मान खाली घातली. अडाणी ते अडाणीच. झाडाला काही न सांगता चाकू लावला. तो जरा घसरला आणि डाव्या अंगठ्याखाली कापलं. तासलेल्या फांदीवर थोडं रक्त सांडलं, ते पुसून टाकलं.

२९ नोव्हेंबर
कुंडीतला खुंट वाळला. पोरांनी पाणी घातलं नसणार, दुसरं काय! माझी जखमही भरत नाही. इथला डॉक्टर गाढव आहे. म्हणतो, जखमेत काही नाही, फक्त वास येतो. चाफ्याचा. गंमत अशी, की हात त्या फांदीला टेकला की ठणका थांबतो. हल्ली तिथेच टेकून शिकवतो.

१४ डिसेंबर
खोलीत बसवत नाही. झाडापासून लांब गेलं की हात भाजल्यासारखा होतो. आज तळहात फांदीवरून उचलताना सालीसकट— ओढून सोडवला. ओरडलो. पोरं बघत होती. भीती वाटली, खरंच वाटली. हिराबाईंना उपाय ठाऊक असेल. पण त्या बाईपुढे मी हात जोडू? मी?

२ जानेवारी १८८७
आता सुटत नाही. मनगटापर्यंत एक झालंय. पाय मातीतून उचलत नाहीत. उजव्या हातानं लिहितो— पोरं येतात, जोड दाबून बघतात, माझ्याशी बोलत नाहीत. ओरडतो ते ऐकू जात नाही बहुतेक— हिराबाई पायांवर पाणी घालून गेल्या. चुकलो म्हटलं. बाई, चुकलो— घागर उचलली नि गेल्या.

१५ जानेवारी
सकाळ. परीक्षा. साहेब समोर उभे. माझ्याकडे बघतात नि म्हणतात, उत्तम वाढलंय— रघोजी सांगतोय. घडाघडा. जोड जुळला की खुंटाचा शेंडा जोडाच्या वर छाटायचा. खुंटाच्या डोक्याची किंमत शून्य. शब्द माझेच, वर्गात घोकून घेतलेले— साहेब मान डोलावतात. सगळे पास. म्हणजे मी कायम—

आता करून दाखव म्हणाले—

रघोजी आला. चाकू धोतराला पुसला. त्याला मी दिसतो. पहिल्यापासून दिसतोय— वाकून हळूच म्हणाला, "मास्तर, मान थोडी तिकडे करा की."

अरे असा नाही धरत चाकू, मूर्खा, धार आतल्या—